प्रेसफिट बीबीत क्रँक घट्ट जातोय: ठोकायचा की थांबायचं?

रानवाट

मंडळी, सायकलच्या बीबीबद्दल मदत हवी आहे. बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, क्रँकचा (पेडलच्या दांड्यांचा) एक्सल ज्या बेअरिंगवर फिरतो तो भाग; प्रेसफिट म्हणजे आट्यांऐवजी दाबून बसवलेला. फ्रेम कार्बनची, बीबी८६ म्हणजे शेलची (बीबी बसतो त्या फ्रेममधल्या नळीची) रुंदी ८६.५ मिमी आणि भोक ४१ मिमी. क्रँक शिमानोच्या होलोटेक २ प्रकारचा, एक्सल २४ मिमी. जुनी बेअरिंग गंजून खरखरायला लागली होती, म्हणून बेअरिंग धरणारे दोन्ही कप काढले आणि नवे प्लास्टिकचे कप रॉडवाल्या प्रेसने बसवले. इथपर्यंत काही अडचण आली नाही.

मग क्रँक. एक्सल उजवीकडून घातला. उजव्या बेअरिंगमधून हाताच्या दाबाने गेला, मधली नळी पार केली आणि डाव्या बेअरिंगपाशी अडला. थोडं ग्रीस लावून रबरी हातोडीने ठोकला तेव्हा गेला. डावा क्रँक लावला, टोपी आवळली, दोन्ही बोल्ट आवळले. आता चेन न लावता क्रँक फिरवून सोडला तर अर्धा फेराही होत नाही, लगेच थांबतो. खराब झालेला जुना बीबीसुद्धा याहून मोकळा फिरायचा.

हे चालवून चालवून मोकळं होतं का? की काढून पुन्हा बसवावं? काढायचं तर कप वाया जाणार, म्हणून आधी विचारतोय.

चढउतार

नवा प्रेसफिट घट्टच असतो. सीलचे ओठ नवे, ग्रीस जाड. थोडं चालवा, मोकळा होईल. उगाच काढाकाढी करू नका.

सुट्टीचास्वार

वाचतोय. हाच प्रकार इथेही आहे, फक्त एक्सल ३० मिमीचा.

मायक्रोमीटर

चढउतार, सीलबद्दल सहमत आहे, पण तेवढ्यावर थांबू नये असं वाटतं. रानवाट यांच्या पोस्टमध्ये दोन वेगळ्या तक्रारी आहेत. एक्सल आत जाताना घट्ट जातो ही एक आणि बसल्यावर जड फिरतो ही दुसरी. पहिली बऱ्याचदा निरोगी असते. दुसरीचं कारण शोधावंच लागतं.

आधी पहिली. या बेअरिंगच्या आतल्या कडीचं भोक २५ मिमी असतं आणि त्यात प्लास्टिकची पातळ बाही बसवलेली असते, ती ते २४ वर आणते. ही बाही एक्सलला घट्ट धरूनच असायला हवी. सैल असती तर एक्सल तिच्यात घासत राहिला असता, एक्सलवर चरे पडले असते आणि काही दिवसांत आवाज सुरू झाला असता. त्यामुळे नव्या बीबीत एक्सल नुसत्या हाताने सुळकन जात नाही. प्लास्टिकच्या किंवा रबरी हातोडीचे काही हलके ठोके लागणं अगदी स्वाभाविक आहे. ठोके उजव्या क्रँकच्या मधोमध, एक्सलच्या सरळ रेषेत द्यायचे. लोखंडी हातोडी नको. क्रँकच्या टोकावर ठोकणंही नको, कारण मग एक्सल तिरका जाऊन बाही कुरतडतो.

आता दुसरी तक्रार. कारण कुठल्या जोडात आहे हे कळायला पुढच्या क्रमाने तपासा. क्रम बदलू नका, कारण प्रत्येक पायरीवर एकच नवी गोष्ट जोडली जाते.

क्रँक पूर्ण काढा. दोन्ही बेअरिंगमध्ये बोट घालून आतली कडी फिरवा. गुळगुळीत आणि किंचित जड लागली तर ठीक. दाणे लागल्यासारखी खरखर किंवा टप्प्याटप्प्याने अडकणं जाणवलं तर बेअरिंग बसवतानाच दुखावलंय. प्रेसचा दाब आतल्या कडीवर पडला की तो छर्‍यांमधून बाहेरच्या कडीत जातो आणि छर्‍यांचे खळगे पडतात. म्हणून दाब नेहमी कपाच्या बाहेरच्या कडेवर यायला हवा, आणि त्यासाठी मापाचे बुश लागतात.

बोटाने दोन्ही ठीक लागली तर एक्सल फक्त उजव्या बेअरिंगमध्ये घालून फिरवा. मग काढा आणि क्रँक उलटा धरून डावीकडून फक्त डाव्यात घालून फिरवा. दोन्हीकडे वेगवेगळा मोकळा फिरतो, पण आरपार घातल्यावर जड होतो, असं असेल तर दोन बेअरिंग एका रेषेत नाहीत.

आरपारही मोकळा असेल तर डावा क्रँक लावा, पण टोपी फक्त टेकवा. मग टोपी आवळत जा. तिथे जड झाला तर दोष टोपीच्या दाबात आहे. या टोपीला फक्त ०.७ ते १.५ न्यूटन-मीटर लागतो, म्हणजे बोटांनी आवळण्याइतकाच. तिचं काम बाजूचा प्ले, म्हणजे आडवी हालचाल, घालवणं एवढंच. क्रँकला धरून ठेवतात ते बाजूचे दोन बोल्ट, १२ ते १४ न्यूटन-मीटर, आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. आणि टोपी सैल करून पाहताना हे दोन बोल्ट आधी सैल करायला विसरू नका, नाहीतर टोपी फिरेल पण क्रँक जागचा हलणार नाही आणि काहीच कळणार नाही.

गिअरबदल

वाचनखूण साठवली. एक भर घालतो. केबल किंवा इलेक्ट्रिक गिअरची वायर बीबीच्या शेलमधून जात असेल तर ती मधल्या नळीवर दाबली गेलेली नाही ना, हे पाहा. नळी बाजूला ढकलली गेली की एक्सलला घासते. कप बसवण्यापूर्वी वायर शेलच्या भिंतीला लावून घेतली तर हा प्रश्न येत नाही.

तेलकट

एक्सल डाव्या बेअरिंगपाशी अडला असेल तर क्रँक रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. पोलाद आकुंचन पावतं, आरामात जाईल.

मायक्रोमीटर

तेलकट, हिशेब करून पाहू. पोलाद दर अंशाला दशलक्षात साधारण १२ भागांनी आकुंचन पावतं. २४ मिमीचा एक्सल ४० अंशांनी थंड केला तर व्यास सुमारे ०.०१ मिमीने कमी होतो. प्लास्टिकच्या बाहीला एवढ्याने फारसा फरक पडत नाही. उलट बाहेर काढल्याबरोबर एक्सलवर दव धरतं आणि ते पाणी आपण नव्या बेअरिंगमध्ये घालतो. आणि मुख्य म्हणजे रेष चुकली असेल तर तो असा ढकलून आत घालणं म्हणजे दोष झाकणं.

त्याच कारणाने एक्सल पॉलिश पेपरने घासून बारीक करणं किंवा बाही चाकूने खरवडणं, दोन्ही कृपया करू नका. एक्सलवर गंजाचे ठिपके असतील तर तेवढेच काढा, पुसा, पातळ ग्रीस लावा.

रानवाट

सगळ्यांचे आभार. क्रँक काढून सांगितलेल्या क्रमाने तपासलं.

बोटाने दोन्ही बेअरिंग गुळगुळीत. एक्सल फक्त उजव्यात, छान फिरतो. फक्त डाव्यात, घालताना जोर लागला पण फिरतो छानच. आरपार घातला की जड. डावा क्रँक न लावताच जड, म्हणजे टोपीचा प्रश्न नाही. मधून कुठलीही वायर जात नाही.

म्हणजे फ्रेमच वाकडी?

मायक्रोमीटर

एवढ्यात फ्रेमला दोष देऊ नका. त्याआधी तपासायची एक गोष्ट आहे आणि ती फार वेळा सुटते.

अशा बेअरिंगना, म्हणजे एका ओळीच्या खोल खोबणीच्या बेअरिंगना, तिरकेपणा जवळजवळ सहन होत नाही. बेअरिंगच्या रचनेप्रमाणे आणि भाराप्रमाणे साधारण २ ते १० मिनिटं एवढीच मुभा असते, आणि हे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. आता दोन शक्यता मोजू.

समजा शेलची दोन भोकं एकमेकांपासून ०.१ मिमी सरकलेली आहेत. दोन बेअरिंगमधलं अंतर ढोबळमानाने ८० मिमी धरा. तिरकेपणा येतो साधारण ४ मिनिटं. चांगलं नाही, पण बेअरिंग कसंबसं निभावतं.

आता समजा भोकं अगदी सरळ आहेत, पण एका कपाची कड एका बाजूने ०.२ मिमी वर राहिली आहे. कपाचा व्यास ४१ मिमी. तिरकेपणा झाला जवळपास १७ मिनिटं. म्हणजे मुभेच्या बाहेर. डोळ्याला न दिसणारी ही फट फ्रेमच्या दोषापेक्षा जास्त नडते. प्लास्टिकचा कप वाकून थोडं सांभाळून घेतो हे खरं, म्हणूनच तुमचं बेअरिंग एकटं असताना छान फिरलं. आरपार एक्सल आल्यावर त्याला वाकायला जागा राहिली नाही.

साध्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिमी असते. कागदाची अरुंद पट्टी कापा आणि कपाच्या बाहेरच्या कडेखाली, कड आणि शेल यांच्यामध्ये, पूर्ण गोल फिरवून घालून पाहा. कुठेही शिरता कामा नये. एखाद्याच बाजूला शिरली तर उत्तर मिळालं.

चढउतार

ही कागदाची युक्ती आवडली. माझं ‘चालवा, मोकळा होईल’ मागे घेतो. तिरक्या बसलेल्या बेअरिंगला चालवून मोकळं करणं म्हणजे ते झिजवणंच झालं.

पायडल

पण एक सांगा, क्रँक किती फेरे फिरतो यावरून काही ठरवता येतं का? मी नेहमी तसंच पाहते.

मायक्रोमीटर

फार थोडं ठरतं. चेन नसताना क्रँकला फिरत ठेवणारी ताकद अगदी कमी असते, त्यामुळे सीलची घासणीसुद्धा त्याला थांबवते. जुनं, ग्रीस वाहून गेलेलं, सील झिजलेलं बेअरिंग खूप फेरे फिरतं आणि ते मरायला टेकलेलं असतं. रानवाट यांचा जुना बीबी मोकळा का फिरायचा त्याचं उत्तर हेच. फेरे मोजण्यापेक्षा क्रँक बोटाने हळू फिरवून हाताला काय लागतं ते बघा. एकसारखा मऊ जडपणा असेल तर काळजी नाही. खरखर लागली, टप्पे लागले, किंवा बोट काढताच क्रँक झटकन जागच्या जागी थिजला, तर पुढे तपासा.

रानवाट

सापडलं! डाव्या कपाच्या खालच्या बाजूला कागदाची पट्टी शिरली. उजवीकडे कुठेही शिरत नाही.

डावा कप काढला. शेलच्या तोंडावर, खालच्या बाजूला, जुन्या गोंदाचा कडक झालेला पातळ थर होता. फ्रेमच्या रंगात तो दिसतच नव्हता, नखाने चाचपल्यावर लागला. आधीचा बीबी बसवणाऱ्याने हिरवा चिकटवणारा द्रव वापरला असावा.

कप काढण्याबद्दल लिहून ठेवतो, पुढे कोणाला उपयोग होईल. फुलासारखी टोकं उमलणारा दांडा आतून घातला, टोकं कपाच्या मागे बसल्याची खात्री केली आणि बाहेरून हातोडीने ठोकलं. एकाच जागी न ठोकता दांडा फिरवत समोरासमोरच्या बाजूंनी आळीपाळीने ठोके दिले की कप सरळ बाहेर येतो. फ्रेम एकाने घट्ट धरायला हवी. काढलेलं बेअरिंग पुन्हा वापरणार नाही, छर्‍यांवर ठोके बसलेले आहेत. नवा संच घेतला आहे.

आता गोंद कसा काढू? कार्बन आहे म्हणून भीती वाटते.

गिअरबदल

प्लास्टिकच्या पट्टीने किंवा लाकडी चपट्या काडीने खरवडा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हीट गन नको, तापवल्याने कार्बनचं रेझिन मऊ पडतं. लोखंडी कानस तर मुळीच नको. शेलच्या भोकात पॉलिश पेपर फिरवू नका, तिथला प्रत्येक शतांश मिलिमीटर कपाला धरून ठेवायला हवा असतो.

तेलकट

आणि बसवताना काय लावायचं, ग्रीस की तो हिरवा द्रव? यावर मात्र माझं ठाम मत आहे. ग्रीस. पुढच्या वेळी काढायचं असतंच.

गिअरबदल

माझं थोडं वेगळं. बीबीबरोबर आलेल्या सूचनांत जे लिहिलंय ते पहिलं. त्यात काही नसेल आणि शेल मापात असेल तर पातळ ग्रीस पुरतं. पण कप शेलमध्ये सैल असेल, चढावर उभं राहून पेडल मारताना कटकट आवाज येत असेल, तर ग्रीस आवाज काही दिवस दाबतं आणि मग तो परत येतो. तिथे चिकटवणारा द्रवच हवा.

फक्त तो कसा काम करतो ते समजून वापरावं. लॉकटाइट ६०९ किंवा ६४१ सारखे द्रव हवा बंद झाली आणि धातूचा स्पर्श झाला की घट्ट होतात. प्लास्टिकचा कप आणि कार्बनचं शेल यांत धातूच नाही, म्हणून आधी प्रायमर, म्हणजे द्रवाला घट्ट व्हायला मदत करणारा थर, मारावा लागतो. प्रायमर न मारल्यास तो ओलाच राहतो आणि लोक म्हणतात की द्रव निकामी होता. ६४१ हा पुढे सोडवता यावा अशा जोडांसाठीच आहे, म्हणून मी तो निवडतो. फ्रेम बनवणाऱ्याची परवानगी आहे का तेही पाहा, सगळे देत नाहीत. आणि कपाबाहेर आलेला द्रव लगेच पुसायचा. रानवाट यांच्याकडे जे झालं ते न पुसल्यामुळेच.

रानवाट

पातळ ग्रीस लावूनच केलं, कप शेलमध्ये चांगला घट्ट जात होता. या वेळी दोन्ही कप एकदम न दाबता एकेक दाबला. सुरुवातीला थोडा आत गेल्यावर थांबून सगळ्या बाजूंनी फट सारखी आहे का ते पाहिलं, मग पूर्ण दाबला. कागद कुठेही शिरत नाही. एक्सल डावीकडे हातोडीच्या काही हलक्या ठोक्यांत गेला. क्रँक अजूनही फार फेरे फिरत नाही, पण हाताला मऊ लागतो आणि थांबताना थिजत नाही, हळू होत थांबतो. समाधान झालं. मायक्रोमीटर, गिअरबदल, खूप आभार.

सुट्टीचास्वार

अभिनंदन. आता माझं बघा. पीएफ३०, म्हणजे शेल ६८ मिमी रुंद, भोक ४६ मिमी, एक्सल ३० मिमी. कागदाची परीक्षा झाली, दोन्हीकडे पास. एक्सल आरपार मोकळा फिरतो. डावा क्रँक बसवून मधला मोठा बोल्ट आवळत गेलो की शेवटच्या पाव फेऱ्यात क्रँक एकदम जड होतो. बोल्ट थोडा सैल सोडला की मस्त. तसाच सोडू का?

पायडल

नको नको! या प्रकारात बोल्टच क्रँकला एक्सलवर धरून ठेवतो. सैल सोडला तर दातांमध्ये क्रँक हलत राहतो, दाते खाऊन टाकतो आणि एक दिवस क्रँक हातात येतो. माझ्या ओळखीत एकाचा डावा क्रँक असाच निकामी झाला.

मायक्रोमीटर

पायडल यांना पूर्ण अनुमोदन. होलोटेकमध्ये बाजूचा दाब आणि क्रँकची पकड ही कामं वेगळ्या बोल्टांकडे आहेत. तुमच्या प्रकारात बोल्ट पूर्ण आवळायचाच, जितका त्या क्रँकवर छापलेला असेल तितका. स्रॅम कंपनीच्या डब प्रकारच्या क्रँकमध्ये तो ५४ न्यूटन-मीटर असतो, म्हणजे लांब पान्याने चांगला जोर लावून. बाजूचा दाब ठरवायचा तो स्पेसर (अंतर भरणाऱ्या कड्या), लहरी म्हणजे नागमोडी वॉशर किंवा क्रँकवरची फिरवायची कडी यांनी.

तुमच्याकडे लहरी वॉशर असेल तर बोल्ट पूर्ण आवळल्यावर तो दबलेला दिसायला हवा, पण पार सपाट झालेला नको. सपाट झाला असेल तर स्पेसर जास्त झालेत. एक पातळ स्पेसर काढा. फिरवायची कडी असेल तर आधी ती पूर्ण सैल करा, बोल्ट आवळा, मग कडी बोटांनी बेअरिंगला टेकेपर्यंत फिरवा आणि तिचा बारीक स्क्रू लावा.

एक शंका. क्रँक नेमका कुठल्या शेलसाठी बनवलेला आहे? बीबी३८६ या प्रकारचा एक्सल ८६.५ मिमीच्या शेलसाठी असतो. तो ६८ मध्ये घातला तर दोन्ही बाजूंना सुमारे ९-९ मिमीचे स्पेसर लागतात. तिथे चुकून जास्त जाडीचे आले की नेमकं तुम्ही सांगताय तसं होतं.

तेलकट

हे सगळं वाचून वाटतं, आटेवाला बीबीच बरा. प्रेसफिट आणलाच कशाला?

गिअरबदल

भोक मोठं करून आटे काढायचे टाळले की फ्रेम हलकी होते, खालची नळी रुंद करता येते, बनवायलाही सोपं जातं. फायदे खरे आहेत, पण ते मिळायला शेल अचूक हवं आणि तिथेच घोडं अडतं. २०१५ मध्ये टी४७ आला, तो म्हणजे मोठ्या भोकात पुन्हा आटेच. ज्यांच्याकडे आधीच प्रेसफिट फ्रेम आहे त्यांच्यासाठी दोन कप आतून एकमेकांत आट्यांनी अडकणारे बीबी मिळतात. धातूची एकच नळी तयार होते, त्यामुळे दोन्ही बेअरिंग एका रेषेत येतात आणि कप शेलमध्ये सरकत नाही. फ्रेमची भोकं जरा इकडेतिकडे असतील तर मी सरळ तेच सुचवतो.

सुट्टीचास्वार

मायक्रोमीटर, बरोबर ओळखलंत. क्रँक बीबी३८६ चाच आहे. डावीकडे जाड स्पेसर आणि शिवाय एक पातळ असे दोन निघाले. आता पातळ काढू की उजवीकडे हलवू?

मायक्रोमीटर

हलवू नका, एकूण जाडी तेवढीच राहील आणि जडपणाही तेवढाच. काढून टाका. मग बोल्ट पूर्ण आवळून वॉशर बघा. त्यानंतर चेनरिंग (क्रँकवरचं दातेरी चाक) फ्रेमपासून किती दूर आहे आणि चेन सर्वात लहान व मोठ्या गिअरवर किती तिरकी जाते ते पाहा. ती रेष चुकत असेल तरच स्पेसर इकडून तिकडे करायचे, तेही एकूण जाडी न बदलता.